चपलांचा इन्चार्ज

नवा पासवर्ड लक्षात ठेवायचा मला कंटाळा आला. बस्, माझा गुन्हा एवढाच. पुढे जे झालं, म्हणजे अख्ख्या शाळेने भर सकाळी डबे उघडले, बाबांच्या पोटाची तक्रार सातवी ब पर्यंत पोचली आणि खजिनदारांनी चष्मा पुसला, ते सगळं आपोआप होत गेलं. मी फक्त तिथे हजर होतो.

आधी बायकोबद्दल सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा शाळेत काय करत होता. बायको मुख्याध्यापिका आहे. तेव्हा प्रभारी होती. प्रभारी म्हणजे कसं, की कामं सगळी तुमची, शिव्या सगळ्या तुमच्या, फक्त दारावरची पाटी अजून आधीच्यांची. मी तिला मॉनिटर म्हणतो, कारण ती मॉनिटरच होती. माझ्याच वर्गाची. आणि ती शाळा म्हणजे हीच शाळा. (लोक शाळेतल्या मैत्रिणीशी लग्न करतात. मी लग्न केलं आणि शाळा परत मागे लागली.)

आमच्या वेळी त्या शाळेत एक कॉम्प्युटर होता. एक! त्याला स्वतःची खोली होती. आम्ही एका बाकावर तिघं चेंगरून बसायचो आणि तो एकटा पंख्याखाली. शिवणाच्या बाईंनी त्याच्यासाठी निळ्या कापडाचं आवरण शिवलं होतं, त्यावर पिवळी फुलं. खोलीला कुलूप. किल्ली मोठ्या सरांच्या खिशात. मोठे सर म्हणजे तेव्हाचे मुख्याध्यापक. उंचीने बेताचेच होते, पण ते व्हरांड्यात आले की वाराही रांगेत चालायचा.

आठवड्यातून एकदा आमचा कॉम्प्युटरचा तास. काय थरार असायचा, सांगतो! सगळ्यांनी बाहेर चपला काढायच्या, पाय पुसायचे, हात मागे बांधायचे आणि ओळीने आत. मॉनिटर पुढे उभी. मोठे सर मान हलवायचे, ती आवरणाचं एक टोक उचलायची, आणि सगळे माना लांब करून त्या क्रीम रंगाच्या डब्याकडे बघायचे. हा मॉनिटर (डबा, बायको नव्हे), हा कीबोर्ड, हा माऊस. "हात लावू नका!" बायको ओरडायची. आवरण खाली. तास संपला.

मला मात्र ते टोकसुद्धा कधी दिसलं नाही. कारण चपला सांभाळायला एक जण बाहेर लागायचा, आणि मोठ्या सरांनी पहिल्याच दिवशी सगळ्या वर्गावरून नजर फिरवून माझ्यावर बोट ठेवलं होतं. "तू. चपलांचा इन्चार्ज." मी घरी जाऊन आईला सांगितलं, मला पद मिळालं. आईने शेजारी सांगितलं. पुढची सगळी वर्षं मी त्या दारात बसून चपलांच्या जोड्या लावल्या. कोणाचा अंगठा तुटलाय, कोणाच्या चपलेला खिळा आहे, सगळं पाठ. आतून पंख्याचा आवाज यायचा, आणि मॉनिटरचं ते "हात लावू नका!" अजूनही कधी कधी दुपारी डोळा लागला की मला ते ऐकू येतं. (अर्थात, आता ती शेजारच्या खोलीतच असते, त्यामुळे खरंच म्हणत असण्याची शक्यता आहे.)

तर. आमच्या बॅचचा एक मुलगा, आम्ही त्याला ढब्बू म्हणायचो, आता कसल्यातरी कंपनीचा मालक झालाय. त्याने शाळेला नवेकोरे कॉम्प्युटर पाठवले आणि प्रत्येक वर्गासाठी एक एक स्पीकर. वायफायवाला, बोलणारा. मोठे सर आता संस्थेचे अध्यक्ष. त्यांनी सगळी खोकी त्याच जुन्या खोलीत ठेवली आणि तेच जुनं कुलूप लावलं. आणि मॉनिटरला म्हणाले, "आधी व्हिजन दाखवा. तंत्रज्ञान शाळेत कसं आणणार, का आणणार. कमिटीला पटलं तर किल्ली तुमची, खुर्चीही तुमची. नाही पटलं तर आपण बाहेरून कोणी अनुभवी माणूस बघू."

घरी आल्यावर ती पलंगावर बसली आणि भिंतीकडे बघत राहिली. माझी बायको भिंतीकडे बघते म्हणजे प्रकरण गंभीर असतं. एरवी भिंतीच तिच्याकडे घाबरून बघतात.

"मी करतो," मी म्हटलं.

"तू काही करू नकोस."

"अगं, व्हिजन म्हणजे काय, स्लाइड्सच ना? ऑफिसात मी दुसरं काय करतो?"

"मला काय म्हणायचंय ते मला माहितीये. मी उभी राहीन आणि बोलेन."

"बोलेन? कमिटीसमोर? ग्राफ नाही, बाण नाही, रॉकेटचं चित्र नाही? अगं, त्यांना वाटेल तू तयारीच केली नाहीस!"

इथे ती जरा डगमगली. मी तो क्षण पकडला. (आयुष्यात मी जे काही थोडे क्षण पकडलेत, ते सगळे चुकीचे होते.) मग काय विचारता! मी स्लाइड्स केल्या. 'डिजिटल भरारी'. रॉकेट टाकलं, गरुड टाकला, पृथ्वी हातात धरलेलं बाळ टाकलं. विद्यार्थ्यांच्या प्रगतीचा ग्राफ हवा होता, तो आमच्या ऑफिसच्या साबणविक्रीचा होता तोच टाकला. वर जाणाराच होता ना.

मग म्हटलं, स्पीकरही मीच लावून देतो. ते वर्गात लावायचे होते, त्यामुळे मोठ्या सरांनी तेवढे कुलपाबाहेर सोडले होते. रविवारी शाळेत गेलो. किती वर्षांनी! रिकाम्या शाळेला एक वास असतो बघा, खडूचा, ओल्या फडक्याचा, बाकाच्या लाकडाचा. आमच्या वर्गात माझा बाक अजून होता. कर्कटकाने कोरलेलं माझं नाव कोणीतरी खोडून त्यावर स्वतःचं कोरलं होतं, आणि त्यावर अजून कोणीतरी. मी जरा वेळ तिथे बसलो. गुडघे वर आले, पण बसलो.

"झालं का?" दारातून मॉनिटर. हातात चाव्यांचा जुडगा, अगदी तेव्हासारखी उभी.

"झालंच!" मी ताडकन उठलो. बाकही माझ्याबरोबर उठला.

आणि इथे तो पासवर्ड आला. स्पीकर सुरू करायला अकाउंट लागतं. नवं अकाउंट म्हणजे नवा पासवर्ड, त्यात एक मोठं अक्षर, एक आकडा, एक ते चांदणीसारखं चिन्ह. म्हटलं, घरचं अकाउंट आहेच की फोनमध्ये! टाकून दिलं. सगळ्या वर्गांत टिंग टिंग टिंग, निळे दिवे लागले. पंधरवडाभर शाळेची घंटा त्यातूनच होत होती. "तास संपला आहे. कृपया पुढच्या तासाची वह्या-पुस्तके काढा." मुलं अशी ऐकायची, की बाई थक्क! शिपाईकाका तेवढे स्टुलावर बसून पितळी घंटेच्या हातोडीकडे विधुरासारखे बघायचे.

आता घरचं अकाउंट म्हणजे काय, तेही सांगायला हवं. बाबांना कमी ऐकू येतं. ते मागच्या खोलीत पेपर वाचत बसतात, आणि आई किचनमधून त्यांच्याशी संसार करते. पूर्वी ती ओरडायची, मग खालच्या मजल्यावरचे लोक जेवायला यायचे. म्हणून मी घरात प्रत्येक खोलीत स्पीकर लावले. आईने बटण दाबून 'सगळीकडे' म्हटलं की तिचा आवाज सगळीकडे. बाबा पण तसंच उत्तर देतात. दोघांचं लग्न त्या स्पीकरवर नव्याने सुरू झालंय. त्या पंधरवड्यात आई मावशीकडे गेली होती, म्हणून घरात शांतता होती, म्हणून शाळेतही. माझ्या डोक्यात हे आलंच नाही. यायला हवं होतं का? हवं होतं. आलं का? नाही.

आई परत आली ती नेमकी व्हिजनच्या दिवशी, सकाळी.

मी सुट्टी काढून शाळेत. चित्रकलेच्या हॉलमध्ये कमिटी बसलेली. मधोमध मोठे सर, आता पार वाळलेले, पण शर्टाची इस्त्री तीच. शेजारी खजिनदार. मॉनिटर पुढे उभी, माझ्या रॉकेटच्या उजेडात जरा निळी दिसत होती. मी लॅपटॉपवर.

"हा आलेख," खजिनदार म्हणाले, "यात खाली 'सुगंधी' आणि 'बिगरसुगंधी' असं का लिहिलंय?"

मॉनिटरने माझ्याकडे बघितलं. मी पटकन पुढची स्लाइड लावली. बाळ आलं. आणि तेवढ्यात भिंतीवरचा स्पीकर वाजला. टिंग!

"सगळीकडे! अहो, ऐकलंत का? हात धुवा आणि जेवायला बसा!"

आईचा आवाज. खणखणीत. हॉलमध्ये, आणि व्हरांड्याच्या त्या टोकापर्यंत प्रत्येक वर्गात.

मला वाटलं, माझा भास आहे. पण खिडकीतून दिसलं, पाचवी अ बाहेर पडली. मग पाचवी ब. मग सगळ्याच इयत्ता, शिस्तीत, नळाकडे. पंधरा दिवस या स्पीकरने जे सांगितलं ते मुलांनी ऐकलं होतं, आजच का नाही ऐकणार? बाई पण बिचाऱ्या हात पुसत बाहेर आल्या. डब्यांची झाकणं उघडल्याचा तो एकदम आवाज! पाऊस पडल्यासारखा.

"हे व्हिजनमध्ये आहे?" खजिनदार.

"हात धुणं आहे," मॉनिटर म्हणाली. आवाज अजिबात हलला नाही. उगाच नाही केली होती तिला मॉनिटर.

मी फोन काढला, म्यूट शोधायला लागलो. घाईत आवाज कमी करायच्या ऐवजी वाढवला. आता बाबा आले. टिंग!

"आत्ता कुठलं जेवण? माझं पोट सकाळपासून जड आहे. गॅस झालाय."

नळावरची सगळी शाळा हसली. मी आईला फोन लावला. तो घरात वाजलेला आम्हा सगळ्यांना ऐकू आला, कारण बटण आईने दाबूनच धरलं होतं.

"कोणाचा फोन?" बाबा.

"त्याचाच आहे. राहू दे. शाळेत काहीतरी बिघडवलं असेल. नंतर बघू."

मोठ्या सरांनी हळूच माझ्याकडे मान वळवली. मी गरुडाच्या स्लाइडमागे जायचा प्रयत्न केला. (स्लाइडमागे जाता येत नाही. भिंत असते.)

"सूनबाईचं आज ते असतं ना? व्हिजन?" बाबा.

"असतं ना! माझा जीव इथे खालीवर होतोय. आणि आपल्या दिवट्याने तिला चाळीस स्लाइडी करून दिल्यात. रॉकेट घातलंय म्हणे. तिला काय रॉकेट सोडायचंय का? पोरीला काय हवंय ते विचारलंय का कोणी तिला? मला फोनवर सांगत होती रात्री."

"काय हवंय?"

मॉनिटर एकदम पुढे आली. "ते बंद कर," ती मला म्हणाली. हळू. मी लॅपटॉप बंद केला. रॉकेट गेलं, आई राहिली.

"म्हणाली, आई, मला फक्त त्या खोलीचं कुलूप काढायचंय. लहानपणी मी पुढे उभी राहून सगळ्यांना हात लावू नका, हात लावू नका ओरडत राहिले. मलाच कुठे कधी हात लावायला मिळाला होता? म्हणाली, मुलांनी लावू दे हात, बिघडू दे, उघडून बघू दे, परत जोडू दे. बाईंनाही येत नसेल तर बाईंनी मुलांना विचारू दे. एवढंच. याला स्लाइड कशाला लागते सांगा."

"बरोबर आहे."

"पण ते मोठे सर ऐकतील तर ना! त्यांनी त्या डब्याला पोटच्या पोरासारखं जपलं. थंडीत दोन दोन चादरी घालायचे म्हणे त्याला!"

बायकोची मान खाली. मला एकदम ती शाळेतली दिसली, दोन वेण्या, हातात आवरणाचं टोक. इतकी वर्षं मी समजत होतो की दाराच्या आत असलेल्यांना सगळं मिळत होतं. अरे, तिलाही नव्हतं मिळालं. आणि हे ती मला कधी बोलली नव्हती. मी विचारलंच कुठे होतं, मी बाण टाकत होतो.

मोठे सर उठले. काठी टेकत स्पीकरपाशी गेले. वर बघितलं.

"हे कसं चालतं?" त्यांनी मॉनिटरला विचारलं. "हात लावू?"

"लावा ना, सर."

त्यांनी एक बोट पुढे केलं, मागे घेतलं, शर्टाला पुसलं, आणि बटण दाबलं.

"नमस्कार. मी शाळेतून बोलतोय. मोठे सर."

पलीकडे भांडं पडलं.

"दोन चादरी नव्हत्या," सर म्हणाले. "एकच होती. बाईंनी शिवलेली."

"अगं बाई... सर, मी आपलं यांना..."

"नाही, नाही. तुमचं बरोबर आहे. मला तो चालवता येत नव्हता. कोणाला विचारणार? मुख्याध्यापक होतो ना मी. आणि बिघडला असता तर दुसरा कोणी दिला नसता, म्हणून जपला." हातातली काठी सारखी केली. "फारच जपला."

खजिनदारांनी चष्मा पुसला.

"सर," आई हळू आवाजात म्हणाली, "आमच्या सुनेचं तेवढं बघा हं."

"बघितलं. तुमचा मुलगा म्हणजे तो चपलांवाला ना?"

"तोच!" आई अभिमानाने म्हणाली. अख्ख्या शाळेला ऐकू गेलं.

मोठ्या सरांनी खिशातून किल्ली काढली आणि मॉनिटरच्या हातावर ठेवली. ठराव वगैरे नंतर झाला, पाटी पण नंतर बदलली, पण खरं ते तेव्हाच झालं. ती किल्लीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सर, तुम्हीच चला ना उघडायला."

सगळे गेलो. दारात पोचल्यावर माझे हात आपोआप चपलांकडे गेले. कुलूप उघडायला वेळ लागला. आत ढब्बूची नवी खोकी, आणि त्यांच्या मागे, त्याच टेबलावर, निळं आवरण. पिवळी फुलं पांढरी पडलेली. मोठ्या सरांनी ते स्वतः काढलं, नीट घडी घातली. खाली तो. क्रीम रंगाचा आता हळदीसारखा झालेला. एवढासाच होता हो! दाराबाहेर बसून मी त्याला केवढा समजत होतो.

"चालू होईल का?" सर म्हणाले.

कोणी पुढे होईना. मॉनिटरने माझ्याकडे बघितलं. ती अशी कधी बघत नाही, म्हणून मी लक्षात ठेवलंय.

"लाव तू," ती म्हणाली. "इतकी वर्षं बाहेर बसलास. लाव हात."

मी पुढे झालो. प्लग लावला. बटणावर बोट ठेवलं. लहानपणीचे सगळे तास, सगळ्या चपला, आतला पंखा, सगळं त्या बोटात आलं. मी दाबलं.

ठप्प.

पंखा गेला. दिवे गेले. सगळे स्पीकर गेले. खुर्रर्र करून कुठूनतरी धूर आला. सगळ्या शाळेचा फ्यूज उडाला होता. आईचा आवाज "अहो, ऐकलं..." असा अर्धा कापला गेला.

त्या धुरात मोठे सर शांतपणे म्हणाले, "म्हणूनच मी कुलूप लावत होतो."

बाहेर शिपाईकाकांनी पितळी घंटा अशी बडवली, की त्या आवाजात पंधरा दिवसांचा सगळा राग निघाला. पण वर्गात कोणी जाईना. मुलं डबे घेऊन उभी होती, विचारत होती, "आजी कधी सांगणार?"

आता सगळं रांगेला लागलंय. शाळेचं वेगळं अकाउंट आहे, पासवर्ड मॉनिटरकडे. मधल्या सुट्टीची घोषणा आई करते, घरून, मुलांनी हट्टच धरला म्हणून. बाबा हवामान सांगतात. मोठे सर बुधवारी त्या खोलीत येतात, आणि पाचवीच्या मुली त्यांना टायपिंग शिकवतात. खोलीच्या दारावर पाटी आहे, 'कृपया हात लावा'. त्याखाली खडूने, मॉनिटरच्या अक्षरात, 'मुख्याध्यापिकांचे यजमान वगळून'.

मला वाईट वाटलं नाही. परवाच गेलो होतो. दारापाशी चपला काढल्या, बाजूला लावल्या, आणि मुलांच्याही लावू म्हणून खाली बसलो, जुन्या जागी. तर एक एवढीशी मुलगी बुटांसकट आत पळता पळता थांबली आणि म्हणाली, "काका, मॅडमनी ते बंद केलंय. इथे चपला काढायच्या नसतात."

म्हणजे माझं ते पदही गेलं.